करिश्मा आठ, जीभ अठरा

छोटी, तुझी अडचण मला नीट कळली का, आधी तेवढं बघू. पुण्यातल्या तुमच्या फ्लॅटवर शनिवारी रात्री डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, चालतं आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, तू. टेबलावर तो वकिली शिकणारा मुलगा आहे. त्याने रानटी योद्धा घेतलाय, करिश्मा, म्हणजे बोलून छाप पाडायचा आकडा, 8. पण तो तोंड उघडतो आणि पहारेकरी, सावकार, राजा सगळे विरघळतात. ते सगळे तूच असतेस, म्हणजे विरघळतेस तू. त्याच्यासमोर बसते ती सिरोंच्याची, तेलुगू वळणाने बोलणारी मुलगी. तिने बार्ड, म्हणजे गाणारी-बोलणारी भाट, घेतलीय, करिश्मा 16, कागदावर दरबार गाजवणारी. तिची पाळी आली की ती आधी फाशाकडे बघते, मग तुझ्याकडे, आणि म्हणते, "मी त्याला पटवते." त्यापुढे शब्द फुटत नाही. वकील हसतो आणि म्हणतो, बोलता येत नाही तर बार्ड कशाला घ्यायची? आणि मग रात्री बारा वाजता तू मला विचारतेस, ताई, बोलण्यावर आकडा असावा की नसावा?

असावा. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे ऐकशील.

आता तुझा वकील काय म्हणेल ते मला इथे आरमोरीत बसून ऐकू येतंय. दिवाळीच्या सुट्टीत तू मला या खेळाला बसवलंस, तेव्हापासून मी खेळले कमी आणि नियम वाचले जास्त. मला त्यातच मजा येते, त्याला इलाज नाही. तर तो म्हणेल, तलवार टेबलावर चालवता येत नाही म्हणून तिथे फासा लागतो. बोलणं मात्र टेबलावर खरोखर करता येतं, मग त्याला फासा कशाला? हा युक्तिवाद फालतू नाही हं. जुन्या वळणाने खेळणारे बरेच लोक हेच मानतात. मॅट फिंचने 2008 मध्ये जुन्या पद्धतीच्या खेळावर एक छोटी पुस्तिका लिहिली, तिचा भरही त्यावरच आहे: पात्राच्या कागदावर काय लिहिलंय ते बाजूला ठेवा, खेळणाऱ्याने स्वतःचं डोकं लढवावं.

आणि खरं सांगायचं तर या खेळाची सुरुवातही बोलण्यातूनच झाली. अमेरिकेत मिनेसोटात डेव्हिड वेस्ली नावाच्या माणसाने 1969 मध्ये एक युद्धखेळ मांडला, ब्राउनस्टाइन. नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक गाव. खेळणाऱ्यांना त्याने फौजा देण्याऐवजी माणसं दिली, कुणी गावचा महापौर, कुणी सावकार, कुणी विद्यार्थ्यांचा पुढारी. लढाई राहिली बाजूला, लोक कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी सौदे करायला लागले. त्या मंडळींत डेव्ह अर्नेसन होता. पुढच्या एका खेळात त्याने खिशातून सीआयएचं बनावट ओळखपत्र काढलं आणि समोरच्यांना पार गुंडाळलं, अशी त्याची गोष्ट सांगतात. फासा नाही, आकडा नाही, निव्वळ जीभ.

आता गंमत बघ. हाच अर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांनी 1974 मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स छापलं, आणि पात्राच्या सहा गुणांत सहावा घातला करिश्मा. तीन फाशांवर 3 ते 18. म्हणजे ज्याला आकड्याची सर्वांत कमी गरज होती, त्याच्याच खेळात बोलण्याचा आकडा आला. तेव्हा त्याचं काम छोटं होतं. करिश्मा 3 असेल तर हाताखाली एकच माणूस टिकेल, 18 असेल तर बारा; आणि ते संकटात साथ देतील की पळतील. चेटकिणीने पकडलं तर ती तुम्हाला डुक्कर करेल की प्रियकर म्हणून ठेवून घेईल, हेसुद्धा करिश्म्यावर ठरवावं असं त्यात सुचवलंय. वाचून मी एकटीच हसत बसले होते. अनोळखी प्राणी समोर आला तर दोन फासे टाकायचे: 2 आले तर तो अंगावर येणार, 12 आले तर गळ्यात पडणार, आणि मधल्या आकड्यांवर पुढची बोलणी. दोन फाशांवर 7 सर्वांत जास्त वेळा येतो, त्यामुळे बहुतेक वेळा बोलायला जागा उरायची. मला तो नियम अजून आवडतो. फासा समोरच्याचा मूड सांगायचा, तुझं वाक्य त्याला ठरवायचं नव्हतं.

पटवणं, धमकावणं, थापा मारणं ही वेगवेगळी कौशल्यं होऊन, प्रत्येकाला आपापला आकडा मिळून ती मुख्य नियमांत ठाण मांडून बसली ती 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. तुम्ही खेळता ती पाचवी, 2014 ची. मधला इतिहास सोडून देते, नाहीतर तू झोपशील.

तर वकिलाचा मुद्दा. बोलणं टेबलावर खरोखर करता येतं, म्हणे. मला विचारशील तर घोळ इथेच आहे. टेबलावर तो बोलतो कुणाशी? पहारेकऱ्याशी नव्हे, तुझ्याशी. पहारेकरी चौदा तास उभा आहे, त्याचे पाय दुखताहेत, कालच दरवाजा सोडला म्हणून त्याच्या जोडीदाराचा पगार कापला गेलाय. त्याच्यापुढे एक रक्ताने माखलेला, सहा फुटी, दात पडलेला माणूस येऊन काहीतरी सांगतोय. आणि तू? तू गादीवर बसून चिवडा खात एका हुशार मित्राचं चटपटीत बोलणं ऐकतेस. तुला हसू आलं म्हणून पहारेकऱ्याने दार उघडलं. मग कागदावरच्या त्या 8 चं काय झालं? तो आकडा लिहून त्याने दुसरीकडे ताकद 17 घेतली होती ना? मारामारीत ताकदीचा फायदा घ्यायचा आणि बोलताना 8 चा तोटा विसरायचा. तुमच्यातला कुणी रोज जिमला जातो म्हणून त्याच्या हडकुळ्या जादूगाराला तू दरवाजा तोडू देतेस का?

पण हेही अजून वरवरचं झालं. मला सांगायचंय ते वेगळं आहे, आणि तुलाच सांगू शकते, कारण तू माझी बहीण आहेस.

आकडा काढून टाकला तर निवाडा कोण करणार? तुझा कान. आणि तुझा कान आता पुण्याचा झालाय, छोटी. रागावू नकोस. पहिल्या वर्षी तू वर्गात "पानी" म्हणालीस, "मी जातो" म्हणालीस, तर मुलं हसली. त्या रात्री फोनवर तू माझ्याशी बोलली नाहीस, नुसती हुंदके देत बसलीस. आपल्याकडे बायासुद्धा "मी येतो" म्हणतात, यात काय चुकलं ते तुला कळेना. मग तू भाषा घासूनपुसून घेतलीस. चांगलं केलंस, पोट त्यावर चालणार आहे. पण त्या घासण्यात कानालाही एक सवय लागते. सफाईने, न अडखळता, प्रमाण भाषेत आलेलं बोलणं ते खरं, ते पटणारं, असं वाटायला लागतं. अडखळून, अर्धं तेलुगूच्या वळणाने आलेलं बोलणं कानावर पडलं की आत कुठेतरी मार्क कमी होतात. मुद्दाम कुणी करत नाही. आकडा नसलेल्या टेबलावर ती सिरोंच्याची मुलगी रोज तोंडी परीक्षा देते, आणि परीक्षक तिच्यासारखं बोलणारा नसतो.

हे फक्त खेळात होतं असं समजू नकोस. यूपीएससीत लेखीचे 1750 आणि मुलाखतीचे 275, एकूण 2025. त्या 275 साठी आपल्याकडची पोरं किती घाबरतात ते तुला माहीत आहे. लेखीत वर आलेली पोरगी टाय लावलेल्या पाच माणसांसमोर पाणी मागायला लाजते. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून खालच्या श्रेणीच्या पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. वशिला आणि पैसे हे मोठं कारण होतं, मान्य. पण अर्ध्या तासाच्या बोलण्यावरून माणूस जोखता येतो, यावरचा सरकारचा विश्वास तेवढ्यापुरता उडाला हेही खरंच. तुझ्या टेबलावर तर पैसेही नाहीत, नुसती आवड-निवड आहे. ती पकडायला जास्त कठीण.

म्हणून आकडा हवा. तो आंधळा आहे, आणि इथे आंधळाच बरा. बार्डच्या कागदावर 16 आहे म्हणजे ती त्या जगात गोड बोलते. मुलीला बोलता येवो न येवो.

आता उलट बाजूने तुझा कान धरते. "मी पटवते", फासा, 19, पुढचा सीन. हे झालं की तुझा खेळ मेलाच. मग टेबलाभोवती बसायचं कशाला, फोनवर फासे टाका आणि झोपा. तुला जे मनातून खटकतंय ते हेच आहे, आणि त्यात तू बरोबर आहेस. त्या मुलीने बोललं पाहिजे. प्रश्न एवढाच की तिच्याकडून मागायचं काय.

हे मला आपल्या नाटकांवरून सुचलं. दिवाळी झाली की होळीपर्यंत झाडीपट्टीत मंडई, शंकरपट आणि रात्रभराची नाटकं. वडशाच्या कंपन्या गावोगाव निघतात, आपल्या आरमोरीच्या आसपासही पाहुण्यारावळ्यांनी घरं भरतात. तू लहानपणी पुढे बसायचा हट्ट करायचीस, आठवतं? पुढे बसलं की प्रॉम्प्टरचा आवाज ऐकू यायचा. तालमीला वेळ कुठे असतो. बाहेरून आलेला नट संध्याकाळी गाडीतून उतरतो आणि रात्री उभा राहतो. प्रॉम्प्टर खालून वाक्य देतो, नट ते उचलतो. आणि तेच वाक्य एकाच्या तोंडून पडतं तेव्हा मांडवाला जांभया येतात, दुसऱ्याने म्हटलं की म्हाताऱ्यासुद्धा पदर तोंडाला लावतात. कुरखेड्याकडच्या गुरनोलीच्या परशुराम खुणेंना 2023 साली पद्मश्री मिळाली, ती काही वाक्यं पाठ होती म्हणून नव्हे. वाक्य काय, हे एकाचं काम. ते कसं पडतं, हे दुसऱ्याचं.

तुझ्या टेबलावर खेळणारा प्रॉम्प्टर आहे. पात्र आहे नट. खेळणाऱ्याने वाक्य द्यायचं, म्हणजे मुद्दा द्यायचा. तो कसा पडला ते पात्राचा आकडा आणि फासा सांगतील. त्या मुलीला भाषण मागू नकोस. तिला विचार, तुला या पहारेकऱ्याकडून काय हवंय? त्याला काय हवं असेल, असं तुला वाटतं? तू त्याला कशाची आठवण करून देशील, कशाचं आमिष दाखवशील, काय लपवशील? ती म्हणाली, "त्याच्या जोडीदाराचा पगार कापला, तर मी म्हणेन की आम्ही मागच्या दाराने आलो असं सांगू, याच्यावर काही येणार नाही," तर झालं! ती पात्राच्या आवाजात बोलली नाही, अडखळली, मध्येच तेलुगूत गेली, तरी मुद्दा पक्का आहे. तिने ऐकलं होतं, लक्षात ठेवलं होतं. ते फासा करू शकत नाही, ते माणसालाच करावं लागतं.

आता हिशोब, कारण हिशोबाशिवाय वकील ऐकणार नाही. तुमच्या नियमांत साधारण कठीण कामाला 15 लागतात, सोप्याला 10, अवघडाला 20. बार्डचे करिश्म्याचे 3 आणि पटवण्याच्या सरावाचे 2, म्हणजे फाशात 5 मिळवायचे. 15 गाठायला तिला वीस बाजूंच्या फाशावर 10 किंवा वर हवेत: शंभरात 55 वेळा. रानटी योद्ध्याला 8 मुळे 1 वजा, त्याला 16 किंवा वर हवेत: शंभरात 25 वेळा. इथपर्यंत वकील तोंड वाकडं करेल. पण मुद्दा चांगला असेल तर तू 15 चे 10 कर. मग त्याच रानट्याला 11 पुरतात, म्हणजे 50 वेळा. नेमका मुद्दा मांडणारा अडाणी योद्धा हा नुसतं गोड बोलणाऱ्या बार्डच्या जवळजवळ बरोबरीला येतो. त्याच्या हुशारीला हवी तेवढी जागा मिळाली की नाही? मिळाली. आणि बार्डने तोच मुद्दा मांडला तर ती 80 वर जाते, हेही रास्तच आहे.

फक्त एक पथ्य पाळ. 15 चे 10 करशील ते मुद्द्यासाठी. आवाज, हावभाव, सफाई, तू किती हसलीस, यासाठी एक अंकही हलवायचा नाही. मन हललं की आधी स्वतःला विचार, हाच मुद्दा त्या मुलीने तुटक वाक्यात सांगितला असता तर मी 10 केले असते का?

आणि प्रत्येक वाक्याला फासा टाकायला लावू नकोस, बाप्पा. समोरच्याला जे हवंय तेच कुणी हातावर ठेवलं, तर तो घेईल, फासा कशाला? आणि राजाकडे राज्य मागितलं तर 20 पडले तरी तो देणार नाही, हसून सोडेल इतकंच. तुमच्यात कुणीतरी 20 म्हणजे चमत्कार असं मानतं, ते आधी मोडून काढ. पाचव्या आवृत्तीत तो मान हल्ल्याच्या फाशाला आहे, पटवण्याच्या फाशाला नाही.

फासा पडला की मग अभिनय. आधी नाही. हे करून बघच. वकील आधी बोलतो, छान बोलतो, मग 4 पडतात आणि सगळ्यांना वाटतं अन्याय झाला. उलट कर. मुद्दा ऐक, फासा टाक, 4 पडू दे, आणि मग त्याला म्हण, "आता हे कसं फसलं ते दाखव." त्याच्यासारखा नाटकी मुलगा त्यावर तुटून पडेल. दात पडलेला योद्धा "महाराज" म्हणायला जातो आणि काहीतरी भलतंच बाहेर पडतं. त्याची जीभ वाया जात नाही, तिला फक्त दुसरं काम मिळतं. आणि पोरीचे 18 पडले की तिला विचार, "दाखवतेस की मी सांगू?" ती म्हणाली तू सांग, तर तू सांग, पण तिचं श्रेय तिला देऊन. चार-सहा शनिवारांनी ती स्वतः बोलायला लागेल. नाही लागली तरी काही बिघडत नाही.

अपयश म्हणजे मूर्खपणा असंही धरू नकोस. कधी बोलणं उत्तमच होतं, पण पहारेकऱ्याला वरून दटावणी आलीय. कधी तो पटतो, पण किंमत मागतो. फासा कमी पडला की तुझ्यासमोर दार बंद करण्याशिवाय दहा रस्ते असतात.

एक जागा मात्र फाशाला पूर्ण बंद ठेव, आणि ती आहे खेळणाऱ्यांची आपापसातली बोलणी. मागच्या वेळी वकिलाने बार्डवर फासा टाकला, 17 आले, आणि "आता तुला माझं ऐकावंच लागेल" म्हणून तिच्याकडून हार काढून घेतला, असं तू म्हणालीस. ते मला अजिबात आवडलं नाही. धानोऱ्याकडचं मेंढा (लेखा) हे गाव तुला माहीत आहे. तिथे ग्रामसभा मतदानाने ठरवत नाही, सर्वसहमतीने ठरवते. एकाचंही मन वळलं नसेल तर निर्णय थांबतो, पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. बांबूच्या जंगलाचा सामूहिक हक्क त्यांनी 2009 मध्ये मिळवला, सुमारे 1800 हेक्टर, आणि 2011 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात येऊन वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. देवाजी तोफांसारखे चांगले बोलणारे तिथे होतेच. पण गावाची रीत अशी की चांगलं बोलणाऱ्याचं बोलणं संपल्यावरही गप्प बसलेल्याची मान हलावी लागते. आणि निर्णयाच्या बैठकीआधी अभ्यासगटात नुसती चर्चा होते, तिथे काहीच ठरवायचं नसतं, म्हणून लाजणारी माणसंही तोंड उघडतात.

तेवढं उचल. पहारेकरी तुझा आहे, त्याच्यावर फासा चालेल. बार्ड त्या मुलीची आहे. तिला पटलं का, हे ती सांगेल, वकिलाचे 17 सांगणार नाहीत. तो हार परत द्यायला लाव. आणि लढाईच्या आधी पंधरा मिनिटं नुसत्या गप्पांची ठेव: पात्रं शेकोटीभोवती बसलीत, काही ठरवायचं नाही, फासे पिशवीत. बघ कोण बोलतं ते.

आता वकिलाला कसं सांगायचं. चारचौघांत सांगू नकोस, तो खटला उभा करेल आणि तू हरशील, कारण वाद घालण्यात तुझा करिश्मा माझ्याएवढाच आहे. शुक्रवारीच फोन कर. आधी सांग की त्याच्यामुळे टेबल जिवंत राहतं, ते खरंही आहे. मग नवा नियम सांग. तो म्हणेल की तू त्याच्या पात्राचं तोंड बांधतेस. तेव्हा त्याला पात्राचा कागद काढायला सांग आणि शांतपणे विचार की तिथला 8 कुणाच्या अक्षरात आहे.